धुतलेले बांबू

लुसदारी: हे कुणी धुतले, बाबा?

एवेलिओ: आलीस तशी लागलीस विचारायला. मनिसालेसहून चार तास बसमध्ये आदळत आलीस, आधी बस. मक्याचा आरेपा गरम आहे.

लुसदारी: बसते. पण हे ऐंशीच्या ऐंशी बांबू कुणी धुतले?

एवेलिओ: तोबियासनं. वाळू आणि काथ्या घेऊन. बघ कसे चकाकतायत.

तोबियास: माझ्या खांद्यांना विचार, पोरी. तीन दिवस घासतोय. बायको म्हणाली, घरातलं एक भांडं कधी असं घासलं नाहीस. आणि तो हिरवा स्वेटर जरा बांबू भिजवायच्या टाकीपासून लांब ठेव. टाकणखाराचं पाणी उडालं की पांढरे ठिपके पडतात, मग निघत नाहीत.

लुसदारी: तोबियासकाका, तपासणीच्या आधी बांबू धुतात का कधी?

तोबियास: मी हुकमाचा माणूस. मिस्त्री म्हणाला घास, मी घासले. कॉफी आणतो.

लुसदारी: बघा, पळाले.

एवेलिओ: म्हातारा झालाय. प्रश्न विचारले की त्याला लघवीला लागते.

लुसदारी: मग तुम्हाला विचारते. पाच वर्षांच्या बांबूच्या अंगावर पांढरे डाग धरतात, दगडफुलासारखे. कोवळ्या बांबूला ते नसतात. बरोबर?

एवेलिओ: इंजिनीअरबाई, मला शिकवताय?

लुसदारी: तुम्हीच शिकवलंत. सात वर्षांची होते. बेटात एका बांबूवरचा डाग मी नखानं खरवडला. तुम्ही हातावर फटका मारलात आणि म्हणालात, त्याचं वय पुसतेस?

एवेलिओ: मारला असेन. हात चळवळा होता तुझा.

लुसदारी: आणि आता तुम्ही ऐंशी बांबूंचं वय पुसलंत. नेमकं मी दाखल्यावर सही करायला यायच्या आठवड्यात.

एवेलिओ: शाळेचा पूल आहे. पोरं कठड्याला हात लावून चालणार. डागाळलेल्या बांबूला हात लावला की बाह्या काळ्या होतात, आया ओरडतात. म्हणून धुतले. झालं समाधान?

लुसदारी: नाही.

एवेलिओ: तुला नगरपालिकेनं पाठवलं, की तू आपणहून आलीस?

लुसदारी: नगरपालिकेनं विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला पत्र पाठवलं. बांबू तपासणारी तिथे मी एकटीच आहे.

एवेलिओ: म्हणजे पाठवलं. त्या साहेबाला लोखंडाचा पूल हवाय. ओढ्याच्या काठावर पूल उगवून उभा आहे, आणि याला दोनशे मैलांवरून ट्रकनं लोखंड आणायचंय. दहा वर्षांत गंजलं की पुन्हा ट्रक.

लुसदारी: म्हणूनच दाखला चोख हवा. एक बांबू चिरला तर तो साहेब या खोऱ्यात पुन्हा कुणाला बांबूचं काम देणार नाही. तुम्हाला नाही, दुसऱ्या कुणालाच नाही. पोरं तारेवरच्या पाळण्यात बसून ओढा ओलांडत राहतील. बाबा, इकडे बघा ना बोलताना.

एवेलिओ: बघतोच आहे.

लुसदारी: गावात लोक बोलतायत.

एवेलिओ: गावाला तोंड आहे.

लुसदारी: गेल्या महिन्यात परेरा शहरातल्या हॉटेलवाल्याचा ट्रक इथे आला होता. चाकांच्या खुणा मी येताना पाहिल्या. लोक म्हणतात, एवेलिओ मिस्त्रीनं पिकलेला माल हॉटेलला दिला, आणि शाळेला दोन वर्षांचा कोवळा घासूनपुसून देतोय.

एवेलिओ: तुला काय वाटतं?

लुसदारी: मला वाटून काय उपयोग? कोवळ्या बांबूत साखर असते. भुंगेरा तोच पोखरतो. वाळला की पिळवटतो, बोल्टाच्या भोकाशी चिरतो. मला आकडे लागतात.

एवेलिओ: आकडे! हा कोयता घे. त्याच्या पाठीनं ठोक. त्याला, त्या पलीकडच्याला. ऐकलंस? हा पाच वर्षांचा. आता हा. सहा, पण बुंध्याचा. आवाज जाड आहे. हाताखाली ही गाठीची कड बघ किती घट्ट झालीये. कोवळा असता तर लवेनं बोटं खाजली असती.

लुसदारी: पूर्वी तुम्ही ठोकत नव्हता. दहा पावलांवरून बघून सांगायचात.

एवेलिओ: माणूस शिकतो.

लुसदारी: सत्तरीत?

एवेलिओ: तुझी आई गेल्यावर स्वयंपाकही सत्तरीतच शिकलो. त्यावर दाखला मागितला नाहीस.

लुसदारी: हे पत्र वाचा. मी काय काय तपासणार ते लिहिलंय.

एवेलिओ: तूच वाच. चष्मा घरी राहिला.

लुसदारी: मी सहा बांबूंचे तुकडे नेणार. बुंध्याचा, मधला, शेंड्याचा.

एवेलिओ: दहा ने. तुला हवे ते उचल, मी बोट दाखवणार नाही.

लुसदारी: आणि निकाल येईपर्यंत सही करणार नाही.

एवेलिओ: बापावर शंका?

लुसदारी: बांबूवर.

एवेलिओ: एकच आहे ते, पोरी.

लुसदारी: तसं असेल तर माझा इलाज नाही.

एवेलिओ: बरं. कठड्याचे चार बांबू तोडायचे राहिलेत. चंद्र उतरणीला आहे, उद्या पहाटे तोडले की रस खाली असतो, किडा लागत नाही. आता म्हण, चंद्राचा आणि रसाचा काही संबंध नाही.

लुसदारी: तीन वर्षं मोजलं. आकड्यात फरक दिसला नाही.

एवेलिओ: तुझ्या यंत्राला दिसत नाही, एवढंच.

लुसदारी: एकटे जाऊ नका. तोबियासकाकांना न्या.

एवेलिओ: उद्या चर्चमध्ये त्याच्या नातीचं पहिलं कम्युनियन आहे. नवा सदरा शिवलाय त्यानं. चाळीस वर्षं त्याच उतरणीवर चढतोय मी. तू सकाळच्या बसनं जा, तुझे तुकडे तपास.

लुसदारी: बाबा...

एवेलिओ: काय ते बोल.

लुसदारी: काही नाही. खाली चिखल असेल.

एवेलिओ: आठ दिवस पाऊस नाही. काय ते बोल ना.

लुसदारी: काही नाही म्हटलं ना.

एवेलिओ: हा निळा स्वेटर बरा दिसतो तुला. तुझ्या आईनं विणलेला ना, तोच?

लुसदारी: ...हो. तोच.

*

तोबियास: मिस्त्रीच्या नवव्या दिवसाची प्रार्थना झाली, बायका गेल्या. आता तरी काही खा. माझ्या बायकोनं घेवड्याचा रस्सा पाठवलाय, वर तळलेल्या डुकराचं चिचारोन आहे. ते मी येताना खाल्लं. थोडंच.

लुसदारी: बसा, काका. नऊ दिवस मी काही विचारलं नाही. घरात माणसं होती.

तोबियास: विचार. पण माझी पाठ धरलीये, फार वेळ बसवत नाही.

लुसदारी: बाबा घळीत कसे पडले?

तोबियास: पाय घसरला. डॉक्टरनं लिहून दिलंय. डोकं दगडावर आपटलं, त्रास झाला नाही.

लुसदारी: चिखल नव्हता. वाट पायाखालची. हातात कोयताही नव्हता, तो वर खुंटाला टेकवलेला सापडला. चाळीस वर्षं त्या घळीच्या काठानं चालणारा माणूस सरळ काठावरून पुढे जातो?

तोबियास: वय झालं की होतं.

लुसदारी: तो ट्रक काय घेऊन गेला?

तोबियास: कुठला ट्रक?

लुसदारी: काका.

तोबियास: केळीला टेकू द्यायचे शेंडे. डझनभर. त्या हॉटेलवाल्याला हेच ऐंशी हवे होते. दुप्पट देतो म्हणाला. मिस्त्रीनं त्याला कॉफी पाजली आणि शेंडे देऊन वाटेला लावलं. कुमारी मातेची शपथ.

लुसदारी: मागे माझी सायकल कुणी मोडली तेव्हाही तुम्ही कुमारी मातेचीच शपथ घेतली होती.

तोबियास: ती जुनीच होती.

लुसदारी: धुतले का? बाह्यांची गोष्ट सांगू नका. अंत्यविधीला सगळं गाव माझ्याकडे असं बघत होतं, की बापाची चोरी मी उघडी करणार का झाकणार. दाखल्याचा कागद माझ्या पिशवीत आहे. नगरपालिकेनं पुढच्या महिन्याच्या शेवटापर्यंत मुदत दिलीये. मला खरं हवंय.

तोबियास: तुझे तुकडे काय म्हणाले?

लुसदारी: आधी तुम्ही.

तोबियास: बघ, बापावर गेलीस. तोही असाच. आधी दुसऱ्याकडून काढून घ्यायचं.

लुसदारी: काका, मी रडणार नाही. सांगा.

तोबियास: त्याला दिसत नव्हतं. मीच त्याला परेरा शहरात डॉक्टरकडे घेऊन गेलो होतो. डॉक्टर म्हणाला, नजरेचा मधला भाग गेलाय, कडा राहिल्यात, रंगही जाणार. ऑपरेशन होण्यातलं नाही. बसमध्ये येताना मला म्हणाला, तोबियास, तुझं थोबाड दिसत नाही आता, कान तेवढे दिसतात, सुटलो. तू यायचीस तेव्हा तुझ्या खांद्याकडे बघून बोलायचा. तसं केलं की तुझा चेहरा कडेला थोडा दिसायचा त्याला. तुला माहीत नव्हतं?

लुसदारी: नाही.

तोबियास: मीही त्याला तेच म्हणायचो. पोरीच्या लक्षात येत नाही, शहरात राहून तिचीही नजर गेलीये.

लुसदारी: मग धुतले कशाला?

तोबियास: अंगावर डाग होते तोवर जो तो विचारायचा, मिस्त्री, हा किती वर्षांचा, तो किती वर्षांचा? दुरून बोट दाखवायचे. तो अडकायचा. मग म्हणाला, धू सगळे. धुतल्यावर सगळे जण माझ्यासारखेच. हात लावल्याशिवाय कुणालाच कळायचं नाही.

लुसदारी: आणि निवडले कोणी? तुम्ही?

तोबियास: तोच. बेटात एकेका बांबूला हात लावायचा, ठोकायचा, वास घ्यायचा, मी मागे उभा. चार जून बांबूंतला एकच तोडायचा, तीन राखायचे, हा त्याचा नियम. मी मोजायला लागलो की मलाच शिव्या. पटलेल्याला फडक्याची चिंधी बांधायचा. तोडताना गाठीच्या अगदी वर, खुंटात वाटीभरही पाणी साचता कामा नये, नाहीतर खालचा मुळाचा कांदा कुजतो. बोटानं गाठ शोधून कोयता घालायचा. माझा जीव वरखाली व्हायचा, बोटं जातील म्हणून.

लुसदारी: आणि तुम्ही त्याच्यावर विसंबलात? शाळेच्या पुलासाठी?

तोबियास: त्याच शाळेत माझी नात शिकते, पोरी. मी कसा विसंबेन? धुवायच्या आधी एकेक उलटासुलटा करून बघितला. डाग होते तेव्हाच.

लुसदारी: मग?

तोबियास: ब्याऐंशी तोडले होते. दोन कोवळे निघाले.

लुसदारी: दोन.

तोबियास: तो जेवायला गेला तेव्हा ते दोन मी ओढत मागे नेले. माझ्या कोंबड्यांचं कुंपण त्यांचंच आहे. जाऊन बघ, आत्ताच भुगा पडायला लागलाय. दुपारी तो परत आला, रचलेल्यांवरून हात फिरवत शेवटपर्यंत गेला. मग म्हणाला, ऐंशी. तोबियास, तू दिसतोस त्यापेक्षा बरा माणूस आहेस. तुला दिसतोय कुठे, म्हटलं.

लुसदारी: हसले?

तोबियास: खूप. मग म्हणाला, पोरीला कळू देऊ नकोस. ती कोयता काढून घेईल.

लुसदारी: मी काढून घेतला असता?

तोबियास: घ्यायलाच हवा होता. मीसुद्धा. मी नवा सदरा घालून चर्चमध्ये मेणबत्ती धरून उभा होतो. आता तुझे आकडे सांग.

लुसदारी: मधे दोन दिवस प्रयोगशाळेत जाऊन आले. दहाच्या दहा पास. लागतं त्यापेक्षा सव्वापट भार घेतला. चिरलेला एकही नाही.

तोबियास: मग सही कर.

लुसदारी: कुंपणाचे दोन बघितल्यावर.

तोबियास: माझ्यावरही शंका?

लुसदारी: तुमच्यावर जास्त. सायकल माझी होती.

*

तोबियास: जपून. इथून काठ जवळ आहे. हे बघ, त्या पहाटे तोडलेले तीन. महिना होत आला, त्यानं उभे करून ठेवले तसेच आहेत.

लुसदारी: हे असे उभे का ठेवतात ते मी शिकवते पोरांना. वर्गात फळ्यावर चित्र काढून. तोडलेला बांबू पानांसकट बेटातच दगडावर उभा ठेवायचा. पानं आतलं पाणी ओढून घेतात, साखर आंबून जाते.

तोबियास: आणि दगड खाली कशाला, ते?

लुसदारी: मातीतला ओलावा वर चढू नये म्हणून.

तोबियास: बघ, दगड कसे शोधलेत. सपाट. तिन्ही ओढ्यातून आणलेत. अशा डोळ्यांनी, दोन खेपा तरी केल्या असतील. माझ्यासाठी थांबला असता तर काय बिघडलं असतं?

लुसदारी: मी बघते आधी. हा... पांढरे डाग बुंध्यापासून वरपर्यंत. पाच वर्षांचा. हा पण. याला हिरवट शेवाळही धरलंय, सहा असेल.

तोबियास: तिसरा?

लुसदारी: तिसरा सगळ्यांत चांगला.

तोबियास: खुंट बघ, खुंट.

लुसदारी: गाठीच्या वर. बोटभरही पोकळी नाही. पाणी थांबलेलं नाही.

तोबियास: आणि तो चौथा. काठावरचा, चिंधी बांधलेला. तिकडेच निघाला असणार.

लुसदारी: हो.

तोबियास: सोडून देऊ. कठड्याला तीनमध्ये भागवू. हवं तर एखादा माझ्या शेतातून घेऊ.

लुसदारी: तुमच्या शेतातले सगळे शेंडेवाकडे. चंद्र उतरतोय ना?

तोबियास: दोन दिवस झाले. पण तू कधीपासून चंद्र बघायला लागलीस? आकड्यात फरक नाही म्हणायचीस.

लुसदारी: अजून म्हणते. कोयता द्या. माझ्या कमरेचा दोर धरा, त्या झाडाला दोन वेढे देऊन.

तोबियास: ठोकून बघ आधी.

(लुसदारी कोयत्याच्या पाठीनं बांबू ठोकते.)

तोबियास: काय म्हणतो?

लुसदारी: मला काही कळत नाही, काका. नुसता आवाज येतो.

तोबियास: डाग बघ मग.

लुसदारी: डाग भरपूर आहेत. पाच पूर्ण. पण चिंधी गाठीच्या बरोबर वर बांधलीये, तोडायची तिथेच. थांबा, दोर ताणून धरा.

तोबियास: धरलाय. पाय रोव. तिरका नको घालूस. हां. अजून एक. आला, आला, सोड, मागे हो! झालं. दम घे.

लुसदारी: खुंट कसा आलाय?

तोबियास: बापानं नावं ठेवली असती. माझ्यापेक्षा बरा आहे.

लुसदारी: याला दगडावर उभा करू. महिनाभर. ते तीन आज नेऊ.

तोबियास: सही?

लुसदारी: काल केली. कुंपण बघून आल्यावर. कागदावर लिहिलंय, निवड आणि तोड, एवेलिओ मिस्त्री. तपासणी, तोबियास, धुण्यापूर्वी, एकेक नग. मग खाली मी.

तोबियास: माझं नाव लिहिलंस? सरकारी कागदावर? कोंबड्यांचं कुंपण नाही ना लिहिलंस?

लुसदारी: लिहिलं. दोन नग बाद, कुंपणासाठी वापरले.

तोबियास: बायको फ्रेम करून लावेल. मी खेचर आणतो, ओढ्याला बांधलंय. काठाकडे जाऊ नकोस. दोर सोडू नकोस कमरेचा. ऐकतेस ना?

लुसदारी: ऐकते.

(तोबियास खाली उतरतो. पानांचा आवाज. ती तीन बांबूंपैकी मधल्याला हात लावून उभी आहे.)

लुसदारी: बाबा, काकांना मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. ते खोटं होतं. दोन वर्षांपासून माहीत होतं. नाताळात तुम्ही कपाच्या शेजारी कॉफी ओतलीत आणि बोलत राहिलात. मी टेबल पुसलं आणि मीही बोलत राहिले. पत्र मुद्दाम तुमच्या हातात दिलं होतं. चष्मा घरी राहिला म्हणालात, तो तुमच्या खिशात दिसत होता. बोलले असते तर तुम्ही कोयता खाली ठेवला असता. मग मी आल्यावर आपण दोघांनी काय बोलायचं, ते मला सुचेना. म्हणून बांबूंचं विचारत बसले. कुणी धुतले, कुणी धुतले.

लुसदारी: तुम्ही काय ते बोल म्हणालात. दोनदा म्हणालात.

लुसदारी: स्वेटर हिरवा होता, बाबा. आईनं विणलेला नव्हता. हिरवा होता.